राखीव फुटव्यांची शेती (नायजर)

शेतात उरलेल्या जुन्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना येणारे फुटवे न तोडता त्यांतले निवडक राखून झाड परत उभे करण्याची पद्धत. तीत रोपवाटिका लागत नाही. पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाच्या दक्षिणेकडील मराडी व झिंदर या भागांत १९८० नंतर ती पसरली. तेथील हौसा शेतकरी रेताड जमिनीत पावसाच्या भरवशावर बाजरी, ज्वारी व चवळी घेतात.

बुंध्यातून एकदम अनेक फुटवे येतात. त्यांतले सरळ व जोमदार असे साधारण पाच ठेवतात, बाकीचे कापतात. राखलेल्यांच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या फांद्या साळतात. पुढे दरवर्षी एखादा वाढलेला फुटवा सरपणासाठी काढून त्याच्या जागी नवा फुटवा वाढू देतात. राखल्या जाणाऱ्या झाडांत गाओ (फायडर्बिया आल्बिडा), आपट्याच्या जातकुळीतले पिलिओस्टिग्मा, गिएरा नावाचे झुडूप, हिंगणबेट व बोर ही प्रमुख. गाओची पाने पावसाळ्यात झडतात व कोरड्या ऋतूत फुटतात. त्यामुळे त्याची सावली बाजरीला नडत नाही, उलट पाला खत होतो आणि चारा आटतो त्या दिवसांत शेंगा गुरांना मिळतात.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. प्रचलित हकिकतीनुसार ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ व मिशनरी टोनी रिनौदो यांची लावलेली रोपे मराडीत मरत होती. १९८३ च्या सुमारास, शेतातले झुडूप म्हणजे तोडलेल्या झाडाचाच फुटवा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. १९८४ च्या दुष्काळात धान्याच्या मोबदल्यात फुटवे राखण्याचा कार्यक्रम झाला. तो संपताच बऱ्याच शेतकऱ्यांनी झाडे पुन्हा तोडली, तरी काहींनी राखली. मात्र झिंदरमध्ये, जेथे असे प्रकल्प फारसे पोचले नव्हते, तेथेही दाट झाडी आढळल्याचे डच संशोधक क्रिस राइज यांनी नोंदवले आहे. गाओ तोडणाऱ्यास झिंदरचा एकोणिसाव्या शतकातील सुलतान कठोर शिक्षा करी, अशी आख्यायिकाही सांगतात. म्हणून एकाच व्यक्तीकडे श्रेय देण्यापेक्षा जुनी रीत, दुष्काळाचा धाक, जमिनीवरील ताण व प्रचार यांचा संयुक्त परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कायद्याचा भागही दुर्लक्षिता येत नाही. फ्रेंच अमलातील १९३५ च्या वनविषयक फर्मानापासून अनेक जातींच्या झाडांवर सरकारी नियंत्रण होते आणि तोडीबद्दल वनरक्षक दंड करीत. साहजिकच झाड राखणे शेतकऱ्याला जोखमीचे वाटे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ही अंमलबजावणी सैल झाली आणि आपल्या शेतातले झाड आपले, ही समजूत रुजली. या पद्धतीला मान्यता देणारे स्वतंत्र फर्मान नायजरमध्ये २०२० साली निघाले.

व्याप्तीचे आकडे अंदाजी आहेत. राइज व अमेरिकी भूगोलतज्ज्ञ ग्रे टॅपन यांनी हवाई छायाचित्रे व उपग्रहचित्रांच्या तुलनेवरून सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्र मांडले. त्यावरील झाडांची २० कोटी ही संख्या त्याहून सैल अंदाज आहे. रिनौदो यांना २०१८ साली बुर्किना फासोचे शेतकरी याकुबा सावादोगो व इतर काहींबरोबर राइट लाइव्हलीहुड (‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा) पुरस्कार मिळाला.

सरपण, खांब व चारा विकून दुष्काळी वर्षी घर चालते आणि बायकांची सरपणाची पायपीट कमी होते. पण फुलानी गुराखी कोरड्या दिवसांत याच झाडांच्या फांद्या गुरांसाठी तोडतात, त्यावरून शेतकऱ्यांशी तंटे होतात. काही गावांनी त्यासाठी राखण समित्या नेमल्या आहेत.