पात्रांची पुनर्कल्पना (फँटसी कादंबरीच्या पुनर्वाचनात)

आवडती फँटसी कादंबरी पुन्हा वाचताना पात्रांचे मनात ठसलेले रूप, वय, आवाज आणि वावर हे सगळे मुद्दाम बाजूला सारायचे आणि मजकुरात जे आहे त्यावरून ते नव्याने उभे करायचे, अशी ही वाचनाची रीत. कथानक ठाऊक असल्यामुळे ‘पुढे काय’ ही घाई उरत नाही. पहिल्या वाचनात डोळ्यांखालून नुसती सरकलेली वर्णने आता खरोखर वाचली जातात.

मनातल्या चित्रात पुस्तकाचा वाटा वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांच्या मांडणीनुसार मजकुरातल्या रिकाम्या जागा वाचक स्वतः भरतो. भरायचे सामान मुखपृष्ठ, चित्रपट, ओळखीचे चेहरे असे मिळेल तिथून येते. शिवाय पहिला ठसा चिवट असतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये दाखवले, की एखाद्या व्यक्तीची तीच विशेषणे वेगळ्या क्रमाने ऐकवली तर तिच्याविषयीचे मत बदलते, कारण आधीची विशेषणे नंतरच्यांना रंग देतात.

टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक फ्रोडो हे नमुनेदार उदाहरण. तो हॉबिट या बुटक्या जमातीतला. घर सोडतो तेव्हा तो पन्नास वर्षांचा आहे. २००१ च्या चित्रपटातला कोवळा चेहरा मात्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढून हटत नाही. गंमत अशी, की तो चेहरा अगदीच चुकीचा नाही : जादूची अंगठी हाती आल्यापासून फ्रोडोचे दिसणे नुकत्याच वयात आलेल्या, म्हणजे तेहेतिशीच्या हॉबिटसारखेच राहिले, असे पुस्तकच सांगते. म्हणून इथे चेहरा तोच ठेवून त्यामागचा माणूस बदलावा लागतो. पन्नाशीचा, घरदार विकून निघालेला माणूस बोलतो आहे हे धरून सुरुवातीची प्रकरणे वाचली, की त्याच्या गप्प बसण्याचाही अर्थ बदलतो.

काम पुस्तक उघडण्यापूर्वी सुरू होते. तीन-चार पात्रे निवडावीत. सगळी घेतली तर दुसऱ्या प्रकरणातच नाद सुटतो. प्रत्येकाबद्दल आठवते ते लिहावे : वय, बांधा, रंग, केस, आवाज, हातांच्या सवयी. प्रत्येक गोष्टीपुढे ती पुस्तकातली, मुखपृष्ठावरची, पडद्यावरची की ‘माहीत नाही’, हेही लिहावे. ‘माहीत नाही’चा रकाना सर्वांत लांब निघाला तर काही बिघडले नाही, उलट तोच कामाचा. मग वाचताना वर्णन सापडले की पान क्रमांकासह टिपायचे आणि ते कोण करते आहे हेही. निवेदकाने एखाद्याला उंच म्हणणे वेगळे आणि बुटक्या पात्राने म्हणणे वेगळे. निम्मे पुस्तक होईपर्यंत नवे रूप ठरवू नये, कारण महत्त्वाचा तपशील उशिरा येऊ शकतो. त्यानंतर संवादाची दोन-तीन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. जुना चेहरा हटत नसेल तर आधी आवाज बदलावा. नुसत्या चेहऱ्याशी झटापट करण्यापेक्षा हे सोपे जाते.

सर्वाधिक चुका कातडीच्या रंगाबाबत होतात. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (१९६८) नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे आणि त्याचा मित्र व्हेच काळा. गोरे आहेत ते त्याच्या गावावर चालून येणारे कार्ग लोक. लेखिका हे गाजावाजा न करता सांगते, त्यामुळे अनेक वाचक ते ओलांडून जातात. या कथेवरच्या २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत गेडची भूमिका गोऱ्या नटाला दिली, तेव्हा ले ग्विन यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

दुसरी चूक म्हणजे क्षणिक अवस्थेला कायमचे लक्षण समजणे. ‘हॅरी पॉटर’ मालिकेतल्या हर्मायनीचे दाट विस्कटलेले केस, तपकिरी डोळे, पुढचे मोठे दात मजकुरात स्पष्ट आहेत. २०१६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर नोमा डुमेझवेनी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने ती साकारली, तेव्हा तिसऱ्या भागातल्या तिच्या ‘पांढऱ्या चेहऱ्या’चा दाखला काहींनी दिला. पण त्याच भागात सुट्टीहून परतलेली हर्मायनी ‘चांगलीच तपकिरी’ झालेली आहे! एक शब्द ताणाचा, दुसरा उन्हाचा. अशा नोंदींपुढे प्रसंग लिहून ठेवला, की त्या कायमच्या रकान्यात घुसत नाहीत.

उलट टोकाची चूक म्हणजे नवेपणाच्या हौसेपोटी मजकूरच झुगारणे. हॅरीचे डोळे आईसारखे हिरवे आहेत या तपशिलावर कथेचा धागा अवलंबून आहे, तिथे हात लावला तर ते वाचन राहत नाही, दुसरी कथा होते. तशी कथा लिहायला हरकत नाही, पण ती वेगळ्या वहीत.

काही वाचकांच्या मनात चित्र उमटतच नाही. या अवस्थेला मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. अशांनी रूपाचे रकाने सोडून बोलण्याची लकब, वाक्यांची लांबी, कोण कोणाला कसे हाक मारते हे टिपावे. चित्र दिसणाऱ्यांनीही दुय्यम पात्रांसाठी हेच करावे. त्यांचे वर्णन बहुधा एका ओळीत आटोपलेले असते.