ऑपरेशन चांगलं झालं, तरी उजव्या कप्प्यावर लक्ष ठेवा

जन्मतःच हार्टमध्ये दोष असलेलं मूल ऑपरेशननंतर धावायला-खेळायला लागलं, ओठांचा निळेपणा गेला, वजन वाढलं की घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे, आणि तसं वाटणं साहजिकच आहे, पण 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो'सारख्या दोषात पुढची कित्येक वर्षं तपासण्या चालू ठेवाव्याच लागतात.

या दोषात हार्टमधून फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं. सर्जन भोक बंद करतात, वाट मोकळी करतात. १९५४ पासून हे ऑपरेशन होतंय. पण वाट रुंद करताना तिथली झडप बऱ्याचदा नीट मिटेनाशी होते, मग फुफ्फुसाकडे गेलेलं रक्त दर ठोक्याला थोडं खालच्या उजव्या कप्प्यात परत येतं, आणि तो कप्पा हळूहळू ताणत जातो. वर्षानुवर्षं. पेशंटला दम लागत नाही की छातीत दुखत नाही, त्यामुळे त्रास नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं इथे धरून चालत नाही.

पहिली तपासणी अर्थातच इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी. रेडिएशन नाही, तान्ह्या बाळाचाही करता येतो, रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरवर झडपेची गळती लगेच दिसते. पण उजवा कप्पा छातीच्या हाडामागे दडलेला आणि चंद्रकोरीसारखा डाव्या कप्प्याला वेढून बसलेला, त्याचं नेमकं माप इकोत काढणं अवघडच.

इथे एमआरआय कामाला येतो. पेशंटला थोडा थोडा वेळ श्वास रोखायला सांगतात, हार्टचे काही मिलिमीटर जाडीचे काप टिपतात, मग प्रत्येक कापात कप्प्याची कड आखून बेरीज करतात, एकदा तो पूर्ण भरलेला असताना आणि एकदा आकसलेला असताना. समजा भरल्यावर १५० मिली आणि आकसल्यावर ७५ मिली, तर निम्मं रक्त बाहेर गेलं, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के. गळतीही मोजता येते, १०० मिली पुढे जाऊन ४० मिली परत आलं तर ४० टक्के.

झडप कधी बदलायची हे ठरवताना हे आकडे फार महत्त्वाचे. युरोपच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे भरलेला कप्पा १६० मिली किंवा आकसलेला ८० मिलीपर्यंत गेला, तर लक्षणं नसली तरी झडप बदलण्याचा विचार करावा असं आहे. फार उशीर केला तर कप्पा पूर्ववत होत नाही, आणि घाई केली तर नवी झडपसुद्धा काही वर्षांनी झिजते, परत बदलावी लागते. म्हणून मला एका रिपोर्टपेक्षा दोन-तीन रिपोर्टमधला फरक जास्त मोलाचा वाटतो.

लहान मुलांना एमआरआयसाठी बऱ्याचदा भूल द्यावी लागते, कारण हलून चालत नाही. सीटी झटपट होतो पण त्यात रेडिएशन आहे, त्यामुळे तो दरवेळी करत नाहीत.

मुलगा-मुलगी मोठी झाली, मुलांचे डॉक्टर बदलून मोठ्यांचे आले, की नेमक्या तेव्हाच फाइली हरवतात आणि चेक-अप सुटतात. जुन्या एमआरआयचे नुसते रिपोर्ट नाही, इमेजेसही जपून ठेवा आणि नव्या डॉक्टरांना दाखवा, म्हणजे आधीचे काप परत त्याच पद्धतीने मोजून बघता येतात.