तीन मापे दिली की त्रिकोण एकच? नाही!

‘कोणतीही तीन मापे द्या, त्रिकोण एकच निघतो’ हा समज चुकीचा आहे. नुसते तीन कोन दिले तर समरूप त्रिकोण हवे तितके काढता येतात. खरी गोची होते ती दोन बाजू आणि त्यांच्यात समाविष्ट नसलेला कोन दिल्यावर. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी इथे लागूच पडत नाही, कारण तिला दोन बाजूंमधलाच कोन लागतो.

समजा, ∠A = 30° आणि AB = 10 सेमी. B पासून ∠A च्या दुसऱ्या किरणावर (ज्यावर C येणार) लंब टाका: 10 × sin 30° = 5 सेमी. आता BC ही बाजू 5 पेक्षा लहान असेल तर B वरून BC त्रिज्येने काढलेला कंपासचा कंस किरणाला पोचतच नाही, त्रिकोण शून्य. बरोबर 5 असेल तर एक, काटकोनी. 5 ते 10 च्या दरम्यान दोन. 10 किंवा जास्त असेल तर पुन्हा एकच.

BC = 6 घेतल्यास sin C = लंब/BC = 5/6. कॅल्क्युलेटर फक्त 56.44° दाखवतो आणि बहुतेक जण तिथेच फसतात, कारण 180° − 56.44° = 123.56° हाही C चालतो: 30° मिळवूनही बेरीज 180° च्या आतच राहते.

∠A काटकोन किंवा विशालकोन असल्यास एवढा खटाटोप नको. BC > AB असेल तर एक, नाहीतर एकही नाही.