अमेरिकेतील '८-ए' नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि सामाजिक वंचिततेचे निवेदन

अमेरिकेच्या संघीय सरकारची कंत्राटे मिळवू पाहणाऱ्या अल्पसंख्याक उद्योजकांसाठी '८-ए' हा प्रमुख कार्यक्रम आहे. त्याच्या अर्जातील सर्वांत अवघड भाग म्हणजे सामाजिक वंचिततेचे वैयक्तिक निवेदन होय, आणि ते का मागितले जाते हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

लघुउद्योगांना मदत करणाऱ्या स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची, म्हणजेच एसबीएची, स्थापना १९५३ साली झाली. सरकारी खात्यांकडून स्वतः कंत्राट घेऊन ते लहान कंपन्यांकडून पूर्ण करून घेण्याचा अधिकार तिला कायद्याच्या कलम ८-एने दिला होता. शहरांतील दंगलींनंतर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, हा अधिकार वंचित समाजांतील उद्योजकांसाठी वापरला जाऊ लागला. मार्च १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वाणिज्य खात्यात अल्पसंख्याक उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडण्याचा आदेश काढला आणि १९७८ च्या कायद्याने '८-ए'ला आजचा पाया मिळाला. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूलनिवासी आणि आशिया-पॅसिफिक वंशाच्या नागरिकांना सामाजिकदृष्ट्या वंचित गृहीत धरले जाई. भारतीय वंशाच्या नागरिकांच्या मागणीनंतर १९८२ साली भारतीय उपखंडातील मूळ असलेल्यांचाही या यादीत समावेश झाला.

न्यायालयांनी मात्र हे गृहीतक हळूहळू आवळत नेले. १९८९ च्या क्रोसन खटल्यात रिचमंड शहराची राखीव कंत्राटांची योजना रद्द झाली, तर १९९५ च्या अ‍ॅडरँड निकालाने वंशावर आधारित संघीय योजनांनाही घटनात्मक तपासणीची सर्वांत कठोर कसोटी लागू केली. अखेर जुलै २०२३ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने '८-ए'मधील हे गृहीतक वापरण्यास मनाई केली. तेव्हापासून विशिष्ट समाजात जन्म झाला एवढे पुरेसे राहिले नाही. आपल्याला व्यक्ती म्हणून काय सोसावे लागले, हे अर्जदाराने स्वतः सिद्ध करायचे असते.

पात्रतेच्या बाकीच्या अटी तुलनेने स्पष्ट आहेत. कंपनी एसबीएच्या निकषांनुसार लघुउद्योग असावी आणि तिची किमान ५१ टक्के मालकी व प्रत्यक्ष नियंत्रण वंचित ठरणाऱ्या अमेरिकी नागरिकांकडे असावे. ग्रीन कार्ड येथे चालत नाही. अर्जदाराची निव्वळ वैयक्तिक मालमत्ता ८,५०,००० डॉलरपेक्षा जास्त नसावी. ती मोजताना राहत्या घरातील आणि अर्जदार कंपनीतील हिस्सा वगळला जातो. तीन वर्षांचे सरासरी समायोजित उत्पन्न (आयकर विवरणपत्रातील ठरावीक वजावटींनंतरचे) ४,००,००० डॉलर आणि एकूण मालमत्ता ६५ लाख डॉलर या मर्यादेत असावी. व्यवसायाला साधारणपणे दोन वर्षे पूर्ण झालेली असावीत, परंतु या अटीतून सवलत मागता येते.

'नियंत्रण' ही अट अनेकांना किरकोळ वाटते, पण ती तशी नाही. समजा, कंपनीच्या नियमावलीत महत्त्वाच्या ठरावांसाठी ६० टक्के मतांची अट आहे आणि ५१ टक्के मालकी असलेली व्यक्ती अर्जदार आहे. अशा वेळी उरलेले ४९ टक्के भागधारक कोणताही महत्त्वाचा निर्णय अडवू शकतात, म्हणून नियंत्रण अर्जदाराकडे आहे असे मानले जात नाही. अशी कलमे अर्जापूर्वीच वकिलाकडून बदलून घ्यावीत.

अर्ज निःशुल्क असून तो एसबीएच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. त्याआधी सरकारी पुरवठादारांच्या 'सॅम' प्रणालीत कंपनीची नोंदणी हवी. वैयक्तिक आणि कंपनीची आयकर विवरणपत्रे, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक, वैयक्तिक आर्थिक स्थितीचा फॉर्म ४१३, नागरिकत्वाचा पुरावा, कंपनीची स्थापनापत्रे, नियमावली आणि भाग प्रमाणपत्रे एकत्र ठेवावीत. विवाहित अर्जदाराच्या जोडीदाराचीही आर्थिक माहिती द्यावी लागते. विवरणपत्रातील आकडा आणि फॉर्म ४१३ मधील आकडा यांत तफावत असेल, तर खुलासा मागितला जातो आणि वेळ जातो.

निवेदनात 'मला नेहमी भेदभाव सहन करावा लागला' अशी सर्वसाधारण वाक्ये निरुपयोगी ठरतात. प्रत्येक प्रसंग कधी व कुठे घडला, कोणी काय केले, त्यामागे भेदभाव होता असे मानण्याचे कारण काय आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा व्यवसायात कोणते नुकसान झाले, हे सविस्तर लिहावे. कर्ज नाकारल्याचा प्रसंग असेल, तर अर्जाची तारीख, बँकेने दिलेले कारण आणि तशाच पात्रतेच्या दुसऱ्या अर्जदाराला मिळालेली वागणूक यांची नोंद हवी. वंचितता वंशाशीच निगडित असली पाहिजे असे नाही. लिंग किंवा अपंगत्व यांमुळे सोसलेला भेदभावही मांडता येतो. जुनी पत्रे व ई-मेल असतील तर जरूर जोडावेत. अपमानाचे प्रसंग असे तपशीलवार लिहून काढणे क्लेशदायक आहे, म्हणून या कामाला पुरेसा वेळ राखून ठेवावा.

अर्ज परिपूर्ण ठरल्यावर निर्णयासाठी ९० दिवसांची मुदत असते. नकार मिळाल्यास ४५ दिवसांत एसबीएच्या सुनावणी व अपील कार्यालयाकडे दाद मागता येते. प्रवेश मिळाल्यावर कार्यक्रमात राहण्याची मुदत कमाल नऊ वर्षांची, त्यातील चार विकासाची आणि पाच संक्रमणाची, असून दरवर्षी पात्रतेचा आढावा घेतला जातो. ही संधी एका व्यक्तीला आयुष्यात एकदाच मिळते आणि मुदत प्रवेशाच्या दिवसापासून मोजली जाते. त्यामुळे सरकारी निविदांचा काहीच अनुभव नसलेल्या कंपनीने आधी एखादे लहान उपकंत्राट पूर्ण करून मगच अर्ज करणे अधिक हिताचे आहे.