जितकी वैरण, तितक्या गायी

स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, सुमारे १,५०० मीटर उंचीवर ट्योर्बेल नावाचं गाव आहे. वरची कुरणं, जंगल आणि पडीक जमीन सांभाळण्यासाठी तिथल्या रहिवाशांनी १४८३ मध्ये लेखी करार केला. १५१७ मध्ये त्यात एक नियम आला: हिवाळ्यात जितक्या गायी पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात वर चरायला न्यायच्या. जास्त नेल्या तर दंड. सामाईक मालमत्तेच्या अभ्यासाबद्दल २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी या गावाचा दाखला आवर्जून दिला आहे.

नियमामागचा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. हिवाळा लांब, वैरण मोजकी. कुरणावर जाऊन गवत मोजण्यापेक्षा गोठ्यातला साठा पाहिला की पुरे.

पण आता अडचण उन्हाळ्यातच येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्स सुमारे २ अंशांनी तापला आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. बर्फ लवकर वितळतो, गवत लवकर फुटतं. चराईचे दिवस वाढले म्हणून गुरं वाढवावीत, असं वाटणं साहजिक आहे. मात्र ऐन उन्हाळ्यात झरे आटले, तर गवत असूनही गुरं वर ठेवता येत नाहीत. २०१८ च्या दुष्काळात तर वरच्या कुरणांवरच्या गायींसाठी लष्कराच्या हेलिकॉप्टरमधून पाणी न्यावं लागलं. व्हाले मुळातच कोरडा प्रदेश. तिथली गवताची वावरं शतकानुशतकं डोंगरातून काढलेल्या पाटांच्या पाण्यावर जगली, आणि त्यातलं बरंचसं पाणी हिमनद्यांचं. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचा सुमारे १० टक्के बर्फ गेला.

कापणीचंही तसंच. जैवविविधतेसाठी राखलेल्या गवताळ जमिनीचं अनुदान हवं असेल, तर उंचावरच्या पट्ट्यात १५ जुलैपूर्वी पहिली कापणी करता येत नाही. बी धरावं, पक्ष्यांची पिल्लं उडावीत, हा हेतू मला मनापासून पटतो. पण वसंत लवकर आला की फुलोराही लवकर येतो, काडी ताठर होते, प्रथिनं घटतात. तारखेची वाट पाहिलेलं गवत गुरांना पचायला जड जातं. ही तारीख त्या वर्षीच्या फुलोऱ्यावरून ठरावी, आणि वर न्यायच्या गायींची संख्या वैरणीबरोबर झऱ्यांच्या पाण्यावरूनही, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही गोष्टी कुरणावर राहणाऱ्यालाच आधी दिसतात.