गाव रस्त्यापासून किती लांब? जीआयएसची नागपुरातली पार्श्वभूमी

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकात कामाचे नाव ठरलेल्या साच्यात येते : अमुक प्र.जि.मा., किमी १२/४०० ते १५/२००, मजबुतीकरण व डांबरीकरण. म्हणजे अमुक प्रमुख जिल्हा मार्ग, १२ किलोमीटर ४०० मीटरपासून १५ किलोमीटर २०० मीटरपर्यंत. रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या या अंतराला साखळी क्रमांक म्हणतात. शाखा अभियंत्यापासून मैलमजुरापर्यंत सगळ्यांना ही भाषा तोंडपाठ असते. याच लोकांना जीआयएस, म्हणजे नकाशावरच्या जागेशी माहिती जोडणारी संगणकीय भौगोलिक माहिती प्रणाली, शिकवायला घेतली की पहिल्या तासाला उपग्रह, लेयर आणि सॉफ्टवेअरचे मेनू समोर येतात. आपल्या कामाशी संबंध नसलेले काहीतरी बाहेरून आले आहे, असा समज तिथेच होऊन बसतो. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. जीआयएस आज ज्या प्रश्नांची उत्तरे देते, त्यातला एक मोठा प्रश्न १९४३ साली नागपुरात विचारला गेला होता आणि तो रस्ते बांधणाऱ्यांनीच विचारला होता.

नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. महायुद्ध संपलेले नसतानाच देशभरातले मुख्य अभियंते त्या डिसेंबरात इथे जमले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांचा रस्ते आराखडा केला. ‘नागपूर योजना’ या नावाने तो ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही उतरंड त्याच आराखड्यातली. आजच्या फायलीतले रा.मा., प्र.जि.मा., इ.जि.मा. आणि ग्रा.मा. तिथूनच आले आहेत. दर १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ता हे उद्दिष्ट होते. त्याहून मोलाची वाटते ती दुसरी कसोटी : शेतीच्या विकसित भागातले कुठलेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब असू नये.

रस्त्यांची एकूण लांबी काढण्यासाठी एक सूत्र होते. शेतीखालचे क्षेत्र, बाकीचे क्षेत्र, लोकसंख्येनुसार गावांची आणि शहरांची संख्या, पुढच्या वाढीसाठी १५ टक्के, आणि त्यातून रेल्वेमार्गाची लांबी वजा. कागदावर करता येईल असे हे नेटके गणित होते. पण एखाद्या जिल्ह्यात किती किलोमीटर रस्ता हवा एवढेच त्यातून निघे. तो कुठून जावा आणि ५ मैलांच्या बाहेर नेमकी कोणती गावे राहतात, हे सूत्र सांगू शकत नव्हते. त्यासाठी नकाशा पसरून प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ५ मैलांची पट्टी आखावी लागली असती, आणि नवा रस्ता झाला की पुन्हा पहिल्यापासून. जीआयएसमध्ये या पट्टीला बफर म्हणतात. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवली जाणारी ही क्रिया आज काही सेकंदांत होते.

ही सोय येण्याआधी संगणकाला नकाशा कळावा लागला. १९५० च्या दशकात शिकागोच्या वाहतूक अभ्यासात लोकांच्या हजारो फेऱ्यांच्या रेषा पडद्यावर उमटवणारे यंत्र बनवले गेले. १९५९ मध्ये डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने जाळ्यातला सर्वात जवळचा मार्ग शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. आजचे मार्ग सुचवणारे ॲप्स तिच्याच वंशातले आहेत. रॉजर टॉमलिन्सनने १९६० च्या दशकात कॅनडाच्या जमिनीच्या नोंदींसाठी पहिली मोठी जीआयएस उभी केली. अमेरिकेच्या १९७० च्या जनगणनेसाठी प्रत्येक रस्त्याचा तुकडा, त्याची दोन टोके आणि डाव्या-उजव्या बाजूचे घर क्रमांक अशी नोंद केली गेली. रस्ता ही नुसती रेघ न राहता जाळ्याचा भाग झाला, तो इथे.

तरीही रस्ते खाती मागेच राहिली, आणि त्याचे कारण प्रशिक्षणात कोणी सांगत नाही. त्यांच्याकडे माहिती कमी होती असे नाही. उलट प्रत्येक मोरी, पूल, वळण आणि डांबराचा थर नोंदवहीत होता. मात्र सगळे काही किलोमीटरच्या हिशेबाने लिहिलेले होते आणि संगणकाचा नकाशा अक्षांश-रेखांश मागत होता. शिवाय एकाच रस्त्यावर डांबरीकरण एका ठिकाणी बदलते, रुंदी दुसऱ्या आणि वाहनसंख्या तिसऱ्या. प्रत्येक बदलापाशी रेघ तोडायची तर रस्त्याचे शेकडो तुकडे होतात. त्यावरचा तोडगा १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागला : रस्त्याची रेघ अखंड ठेवायची, तिच्यावर अंतराचे माप चढवायचे आणि ‘या मार्गावर १२.४ पासून १५.२ पर्यंत’ अशी नोंद मागितल्याबरोबर त्या रेघेवर दाखवायची. म्हणजे साखळी क्रमांकाची जुनी भाषा न सोडता नकाशाला समजावून दिली. १९९१ च्या अमेरिकन कायद्याने राज्यांना रस्ता, पूल, सुरक्षितता अशा व्यवस्थापन प्रणाली बंधनकारक केल्या. पुढे १९९५ मध्ये ती सक्ती सैल झाली, पण तोवर रस्ते खात्यांत जीआयएसचे कक्ष उभे राहिले होते.

या रीतीचा दुबळा दुवा नागपूरकरांना चांगला ठाऊक आहे. शहराला बाह्यवळण रस्ता झाला, एखादे वळण सरळ केले, की पुढच्या सगळ्या किलोमीटरच्या दगडांचे आकडे जुन्या नोंदींशी जुळेनासे होतात. त्यात २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. इथे एकमेकांना छेदणारे सहा आणि सात नंबर आता ५३ आणि ४४ झाले, आणि जुन्या फायली मात्र जुन्याच क्रमांकाने लावलेल्या आहेत. म्हणून प्रत्येक मार्गाला कधी न बदलणारी ओळख द्यावी आणि क्रमांक, नाव, मापाची तारीख हे सगळे त्या ओळखीखाली नोंदवावे. नव्या माणसाला एकच गोष्ट शिकवायला वेळ मिळाला, तर मी हीच शिकवीन.

नागपुरात या विद्येची संस्था तशी लवकर आली. महाराष्ट्र सुदूर संवेदन (उपग्रहातून जमिनीची पाहणी) उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, १९८८ मध्ये इथे स्थापन झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये भारताचा पहिला आयआरएस, म्हणजे जमिनीची पाहणी करणारा, उपग्रह सुटला. पाणलोट, पिके, जमिनीचा वापर यांचे नकाशे त्यातून होऊ लागले, पण रस्त्यावर काम करणाऱ्याच्या टेबलापर्यंत ते फारसे पोचले नाहीत. सॉफ्टवेअर महाग होते आणि तपशीलवार नकाशांवर निर्बंध होते. २००२ मध्ये सुरू झालेल्या क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरने पहिली अडचण सोडवली. दुसरी २००५ च्या नकाशा धोरणाने थोडी आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुष्कळ कमी केली.

दरम्यान सरकारी व्याख्याच नकाशा मागू लागल्या. २००० साली आलेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बारमाही रस्त्यापासून ५०० मीटर किंवा अधिक लांबची वस्ती ‘न जोडलेली’ धरली जाते. नागपूर योजनेचाच हा प्रश्न, फक्त पट्टी खूप अरुंद झाली. राष्ट्रीय महामार्गावरच्या ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, व्याख्या त्याहून कडक आहे : साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. अपघाताची जागा ‘ढाब्यासमोर’, ‘नाल्याच्या पुलाजवळ’ अशी लिहिली असेल, तर हा पट्टा सापडणार कसा? एकाच वळणावरचे मृत्यू चार वेगवेगळ्या नावांनी नोंदले गेले की ते वळण कुठल्याच यादीत येत नाही आणि तिथे माणसे मरत राहतात. पोलिसांनी जागेवरूनच मोबाईलवर अपघात नोंदवायची आयरॅड प्रणाली २०२१ च्या सुमारास सुरू झाली, तिच्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ते अक्षांश-रेखांश बांधकाम विभागाच्या साखळी क्रमांकाशी जोडणारा माणूस उपविभागातच हवा, कारण त्या जागी दृष्टीआड वळण आहे की साइडपट्टी खचली आहे, हे त्यालाच माहीत असते.

आपल्या भागाची म्हणून एक खास अडचण आहे. जीआयएसमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात, आणि ४३ व ४४ क्रमांकाच्या पट्ट्यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे अमरावती आणि नागपूर यांच्या मधून जाते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची मुख्य मापनरेषाही याच ७८ अंशाच्या आसपासची. ती मोजत दक्षिणेतून वर आलेला विल्यम लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, आणि तिथेच त्याला पुरले. त्या सर्वेक्षणातून आलेली पृथ्वीच्या आकाराची ‘एव्हरेस्ट’ नावाची मापे जुन्या टोपोशीटवर, म्हणजे भूभागाच्या तपशीलवार सरकारी नकाशांवर, आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या मापांवर चालते. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवले, तर नागपूर भागात रस्ता शंभर मीटरहून जास्त सरकतो, आणि अमरावती रस्त्याला चुकीचा पट्टा दिला तर तो भलतीकडेच जातो. ही दोन्ही कारणे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगायला हवीत. ती माहीत नसली की शिकणारा नकाशालाच खोटे ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी नोंदवही उघडून बसतो.