माटोळी

माटोळी : गणेशचतुर्थीला म्हणजे गोव्यातील चवथीला मूर्तीच्या वर, छतापासून टांगली जाणारी, फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट. रानफळे, रानफुले, वेली, शेंगा, भाज्या आणि कुळागरातील (पोफळी-नारळाच्या बागेतील) उत्पन्न हे तिचे साहित्य. सिंधुदुर्ग जिल्ह्यात हीच रचना ‘माटवी’ म्हणून, तर उत्तर कन्नड जिल्ह्यात ‘फलावळी’ म्हणून ओळखली जाते. मखर आणि रोषणाई विकत आणली, तरी माटोळी घरच्यांनीच बांधायची असा प्रघात आहे. पूर्वी तिला पैसा जवळजवळ लागत नसे. लागत तो वेळ, रानाची ओळख आणि वर चढून बांधणारा कोणी जाणता. नोकरीनिमित्त बाहेर असलेली भावंडे चवथीला मूळघरी जमतात, त्यांचे पहिले एकत्र काम बहुधा हेच असते.

चौकट व बांधणी : पोफळीच्या किंवा बांबूच्या रिपा उभ्या-आडव्या बांधून जाळीसारखा सांगाडा केला जातो. अनेक घरांत साग किंवा फणसाच्या लाकडाची कायमची चौकट असते, आणि तिच्यासाठी तुळईला कड्याही बसवलेल्या असतात. आकार देवघरापुढील जागेवर ठरतो. बांधणी साधारणतः तयेला, म्हणजे भाद्रपद शुद्ध तृतीयेला, होते. मूर्ती बसवल्यावर तिच्या डोक्यावर उभे राहून काम करणे गैरसोयीचे आणि अनुचितही मानले जाते.

आधी कडेने आंब्याचे टाळ लावतात. मग नारळाची पेंड (घोस), पोफळाचे शिंपटे (सुपारीचा घोस), केळीचा घड अशा जड वस्तू दोरांच्या जवळ, भार दोन्ही बाजूंना सारखा पडेल अशा बेताने येतात. वजनाचा हा हिशेब चुकला की चौकट एका अंगाला कलते आणि पुढची सगळी मांडणी बिघडते. मधल्या घरांत चिबूड, तोरंजन, निरफणस, करमळ, काकडी, दोडकी ही मध्यम वजनाची फळे आणि शेवटी फुले व नाजूक वेली येतात. बांधायला केवणीच्या सालीचे दोर वापरण्याची जुनी पद्धत आहे. केवण म्हणजे मुरुडशेंग (हेलिक्टेरिस इसोरा). हिची साल कोवळ्या फांदीवरून लांब पट्ट्यांत सोलून निघते आणि त्या पट्टीला गाठ चांगली बसते. केळीच्या सोपटाचे दोर हा सोपा पर्याय, पण जड पेंडीला ते पुरत नाहीत. सुतळी आणि प्लॅस्टिकची दोरी आता सर्रास दिसते. तरीही केवणीचा दोर हा माटोळीचाच एक घटक मानावा, केवळ साधन नव्हे, हे जुन्या बांधणाऱ्यांचे मत योग्य वाटते.

साहित्य : पावसाळ्याच्या उत्तरार्धात रानात आणि परसात जे तयार असते ते माटोळीत येते. आंबाडे, फागलां, कवंडळ, कुड्याच्या शेंगा, कांगलां ही नावे जवळपास प्रत्येक तालुक्यात ऐकू येतात. शेरवड (म्युसेंडा) तिच्या पांढऱ्या ‘पानां’साठी लावतात. ती पाने नसून फुलाची मोठी झालेली संदले, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दले, होत. नारिंगी फूल त्यांच्या मध्ये अगदी लहान असते. वागचबको, म्हणजे कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा), तिच्या लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्यांमुळे उठून दिसते. तिचा कंद मात्र अत्यंत विषारी आहे. खाण्याजोगे, औषधी आणि विषारी असे सगळे एकाच चौकटीत लटकत असते, आणि कशाला हात लावायचा नाही हे मुलांना तिथेच सांगितले जाते. वनस्पती ओळखण्याचे इतके स्वस्त आणि पक्के शिक्षण गोव्यात दुसरे क्वचितच असेल.

उगम : याविषयी तीन मते मांडली जातात. पहिले मत माटोळीचा संबंध पोर्तुगीज काळातील धार्मिक दडपशाहीशी जोडते. गोव्यातील तिसवाडी हा तालुका १५१० मध्ये, बार्देश व साष्टी हे तालुके १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, स्थापन झाले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. मूर्तिपूजा चोरून करावी लागल्याने पत्रीचा किंवा कागदावरील गणपती पुजण्याची रीत काही घराण्यांत आली, असे परंपरा सांगते. त्याच ओघात, मूर्तीऐवजी निसर्गच पुजावा म्हणून माटोळी आली, असे या मताचे प्रतिपादन आहे.

पत्रीच्या गणपतीबाबत हा खुलासा पटण्यासारखा आहे; माटोळीबाबत तो अपुरा पडतो. लपवण्याची गरज असताना छतभर फळे टांगणे हा उपाय विसंगत ठरतो. शिवाय फोंडा, सत्तरी, डिचोली, सांगे, केपे, काणकोण, पेडणे या नव्या काबिजादी (पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेले तालुके) १७६३ ते १७८८ या काळात पोर्तुगीज अंमलाखाली आल्या, तेव्हा दडपशाहीची धार बरीच बोथट झाली होती. आणि माटोळीची परंपरा विशेष समृद्ध आहे ती फोंडा-सत्तरीसारख्या याच भागांत. सिंधुदुर्ग व उत्तर कन्नड तर या अंमलाबाहेरचे. अर्थात सोळाव्या शतकात गोव्यातून अनेक कुटुंबे दक्षिणेकडे व उत्तरेकडे स्थलांतरित झाली आणि ही रीत त्यांनी सोबत नेली असणे शक्य आहे, त्यामुळे केवळ भौगोलिक प्रसारावरून निर्णय देता येत नाही.

दुसरे मत माटोळीला मंडपाच्या वितानाचे, म्हणजे देवावर धरलेल्या छताचे, घरगुती रूप मानते. तिसरे मत तिला पहिल्या पिकाच्या अर्पणविधीत शोधते. चवथीच्या सुमारास नव्या भाताच्या कणसांची पूजा होते. ख्रिस्ती समाजातही राय येथे ५ ऑगस्टला आणि ताळगाव येथे २१ ऑगस्टला नवी कणसे चर्चमध्ये आशीर्वादित करण्याचा कणसांचा सण असतो. एकाच भूमीतील दोन धर्मीय समाजांनी एकाच ऋतूत नवे उत्पन्न देवापुढे नेणे हा योगायोग मानणे कठीण आहे. दुसरे व तिसरे मत परस्परविरोधी नाही: आकार वितानाचा आणि आशय सुगीचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कालनिर्णयाला साहित्याचीही थोडी मदत होते. आजच्या माटोळीतील अननस, पेरू, पपई ही मूळची अमेरिकेतील फळे असून ती पोर्तुगिजांच्या संपर्कानंतर येथे रुजली. तेव्हा माटोळीचा हा थर सोळाव्या शतकाच्या आधीचा नसावा. (सीताफळ या यादीतून मुद्दाम वगळले आहे, भारहूत येथील प्राचीन बौद्ध स्तूपाच्या शिल्पातील फळाच्या ओळखीवरून त्याच्या भारतातील प्राचीनत्वाबद्दल वाद आहे.) आंबाडा, कवंडळ, करमळ, नारळ, पोफळ यांचा थर याहून जुना असू शकतो. चौकट तीच ठेवून तिच्यात नवी फळे सामावली जात राहिली, असा सावध निष्कर्ष यावरून निघतो.

सद्यःस्थिती : तयेच्या आधीचे दोन-तीन दिवस म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव येथे माटोळीचा बाजार भरतो. रानातले साहित्य गावातल्या, बहुतेक स्त्रियाच, आणून विकतात, आणि रान दुरावलेल्या शहरी कुटुंबांची माटोळी त्यांच्यावर उभी असते. राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयातर्फे माटोळी सजावट स्पर्धा होते. फळे-बियांतून पौराणिक प्रसंग किंवा प्राणी साकारणाऱ्या कलात्मक माटोळ्या तिच्यामुळे पुढे आल्या.

घटकांची संख्या वाढवण्याच्या ईर्षेने दुर्मिळ वेली मुळासकट उपटल्या जातात, ही अभ्यासकांची तक्रार रास्त आहे. कळलावी कंदासह काढली तर पुढच्या वर्षी त्या जागी उगवत नाही. सत्तरीतील म्हादई आणि सांग्यातील नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ मध्ये घोषित झाली असून तेथून वनस्पती तोडून आणण्यावर कायद्याने बंधन आहे. शेरवड आणि केवण कुंपणाला सहज वाढतात, फागलां आणि चिबूड परसात होतात. कुळागर असलेल्या काही घरांनी माटोळीसाठी अशी लागवड करणे सुरू ठेवले आहे.